ठाण्या-वाशीच्या हवेत डब्ल्यू १२३ डिझेल मर्सिडीज सांभाळताना

जुनी मर्सिडीज घ्यायला निघालेला माणूस इंजिनाची धास्ती घेतो आणि पत्र्याकडे बघत नाही. ठाणे-नवी मुंबईत नेमकं उलटं करायला हवं. डब्ल्यू १२३ ही मालिका १९७६ च्या सुरुवातीला बाजारात आली आणि तिची सेडान १९८५ पर्यंत बनली. सगळे प्रकार धरून सुमारे २७ लाख गाड्या निघाल्या. आपल्याकडे दिसतात त्या बहुतेक २४० डी आणि ३०० डी. त्यांचं डिझेल इंजिन वेळेवर ऑइल आणि टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) मिळालं तर लाखो किलोमीटर चालतं. इथे गाडी संपते ती पत्रा गंजून, आणि गाडी छळते ती पिचलेल्या रबराने. म्हणून या लेखातला क्रम पाण्यापासून सुरू होतो आणि इंजिन नंतर येतं.

घेण्याआधी काय बघावं

चासी नंबरात १२३ नंतर पुन्हा १२३ असेल तर ती २४० डी, १२३ नंतर १३० असेल तर ३०० डी. इंजिन नंबरही बघा. २४० डीचा ६१६ ने सुरू होतो (चार सिलिंडर), ३०० डीचा ६१७ ने (पाच सिलिंडर). आरसीवरचे दोन्ही नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळलेच पाहिजेत. चाळीस वर्षांत पुष्कळ गाड्यांमध्ये दुसऱ्या कंपनीची डिझेल इंजिनं बसवली गेली आहेत. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. कागद आणि सुटे भाग, दोन्हीकडे ती कायम अडकते.

मग खाली वाका. एक लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सोबत ठेवा आणि मागच्या चाकांच्या कमानीवर, दारांच्या खालच्या कडेवर आणि पुढच्या फेंडरच्या मागच्या खालच्या टोकावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. चारही जॅक पॉइंटची रबरी बुचं काढून आत बोट घाला. पुढचे गालिचे उचला, स्टेपनी बाहेर काढून तिचा खड्डा बघा, बॅटरीखालचा ट्रे बघा. सगळ्यात वाईट जागा म्हणजे मागच्या काचेचे खालचे दोन कोपरे. तिथे रंगाला फुगे आले असतील तर रबराखालचा पत्रा बहुधा सडलेला असतो आणि पाणी थेट डिकीत उतरत असतं. हे काम काच काढूनच होतं. त्याचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर गाडी सोडून द्या.

इंजिनासाठी एकच चाचणी आग्रहाने करून घ्या: कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब. सिलिंडरांमधला फरक ३ बारपेक्षा जास्त नसावा आणि कुठलाही सिलिंडर १५ बारच्या खाली नसावा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर आधी टॅपेट सेट करून पुन्हा मोजा. आवळलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमुळे चांगलं इंजिनही नापास होतं.

दिल्लीकडच्या गाड्यांचा मोह होतो. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्याने त्या स्वस्तात निघतात, आणि कोरड्या हवेमुळे पत्राही बरा असतो. पण उन्हाने रबर आणि डॅशबोर्ड वाळलेले असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणीची मुदत बघितल्याशिवाय आणि तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र) हातात नसताना पैसे देऊ नका.

पाणी बाहेर जाण्याच्या वाटा

हे काम दरवर्षी मे महिन्यात, पहिल्या सरीच्या आधी. दिवसभर लागतो, खर्च जवळजवळ नाही, आणि गाडीचं आयुष्य याच्यावर ठरतं.

बॉनेट सरळ उभं करा (या गाडीचं बॉनेट बिजागरीवरची खिट्टी दाबली की पूर्ण उभं राहतं). समोरच्या काचेखाली जाळी आहे, तिच्या आत पन्हळ. गुलमोहराची बारीक पानं तिथे साचून लगदा होतो. तो हाताने काढा, पाइपाने आत ढकलू नका. मग लिटरभर पाणी हळूहळू ओता. ते लगेच गाडीखाली पडायला हवं. तुंबलं तर पाणी जाण्याचं खालचं रबरी तोंड बंद आहे. हेच पाणी पुढे हीटरच्या पंख्यात आणि तिथून पायाखालच्या गालिच्यात जातं. गालिच्याखालचं जाड अस्तर एकदा भिजलं की इथल्या हवेत ऑक्टोबरपर्यंत वाळत नाही, आणि तळाचा पत्रा आतून जातो. गालिचा ओला लागला तर फक्त पंख्याखाली धरून भागत नाही, अस्तर बाहेर काढा.

सनरूफ असेल तर चार कोपऱ्यांतून चार नळ्या उतरतात. त्या उघडायला कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. खांबाच्या आत नळी जोडातून निसटते आणि मग पाणी कायमचं आत गळतं. मासेमारीची जाड तंगूस घ्या, टोक काडेपेटीने गोल करा आणि हलक्या हाताने सरकवत न्या.

दारांच्या तळाशी चिरा आहेत, त्या लाकडी काडीने मोकळ्या करा. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्याला आणि दोन्ही बाजूंच्या खोलगट कप्प्यांना रबरी बुचं आहेत. ती कडक झाली असतील तर बदला. पुढचा फेंडर चाकाच्या मागे चिखल धरतो. चाक काढून तो चिखल हाताने उकरा आणि मग धुवा. गंजाची सुरुवात बहुतेक गाड्यांत तिथूनच होते.

मागच्या काचेचं रबर गळतं म्हणून वरून सिलिकॉन भरण्याची पद्धत आहे. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला स्वतःच गंजवतं. शिवाय आतलं पाणी आतच अडकतं. काच काढायची, सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, इपॉक्सी प्रायमर, रंग आणि नवं रबर. दुसरा उपाय नाही.

आता अंडरबॉडी कोटिंगबद्दल. गंजावरून काळं डांबरी कोटिंग मारून घेणं हा या गाडीवर होणारा सर्वांत मोठा अन्याय आहे. वरून झकास दिसतं, खाली ओल कोंडते, आणि तीन-चार पावसाळ्यांनी कोटिंगसकट पत्रा हातात येतो. त्याऐवजी फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या दिवसांत गाडी आतून पूर्ण वाळू द्या. मग मेणयुक्त रस्टप्रूफिंग लांब नळीच्या पिचकारीने सिलमध्ये (दारांखालच्या पोकळ पट्टीत), दारांत, फेंडरच्या पोकळीत आणि डिकीच्या कडांत फवारून घ्या. हे मेण सरकत सरकत जोडांत शिरतं. फवारणीनंतर सगळी पाणी जाण्याची भोकं पुन्हा काडीने उघडा, नाहीतर मेणानेच ती बंद होतात.

ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर, कोलशेत ही सगळी खाडीकाठची वस्ती, हवेत मीठ आहेच. त्यात बऱ्याच सोसायट्यांत गाड्या बोअरच्या पाण्याने धुतात आणि खाडीजवळच्या बोअरचं पाणी अनेकदा खारं असतं. काचेवर पाणी वाळल्यावर पांढरे डाग राहत असतील तर त्या पाण्याने गाडी धुवायची नाही. पार्किंगमध्ये गाडी धुणाऱ्या मुलाला एवढं नक्की सांगा: बादली ओतायची नाही, ओलं फडकं पुरे. प्लास्टिकचं कव्हर पावसाळ्यात अजिबात नको. छपराखाली असलेली गाडी उघडीच बरी.

व्हॅक्यूम: किल्ली काढली तरी इंजिन चालूच

डिझेल इंजिनाला बंद करायला स्पार्क नसतो. इथे किल्ली फिरवली की व्हॅक्यूम (हवेची ओढ) इंजेक्शन पंपाच्या मागच्या डबीपर्यंत जातं आणि डिझेल तोडतं. सेंट्रल लॉकिंगही त्याच व्हॅक्यूमवर आणि ब्रेकचा बूस्टरही. म्हणून एका दाराच्या लॉकमधल्या फाटक्या डायफ्रॅममुळे (रबरी पडद्यामुळे) इंजिन बंद होत नाही, आणि मेकॅनिक इंजेक्शन पंप उघडायला निघतो. त्याला थांबवा.

सगळ्यात आधी बॉनेटखालचा लाल ‘स्टॉप’ लिव्हर शोधून ठेवा. इंजिन बंद होईना तर तो दाबून धरायचा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवून ठेवा.

शोध असा घ्या. हातपंप आणि त्यावरचं व्हॅक्यूम गेज लागतं. व्हॅक्यूम पंपाच्या मुख्य लाइनवर, इंजिन आयडलला असताना, गेज काही सेकंदांत २० इंचांच्या आसपास जायला हवं. गेलं तर व्हॅक्यूम पंप ठीक. मग सेंट्रल लॉकिंगकडे जाणारी लाइन काढून तिथे बूच लावा. आता किल्लीने इंजिन लगेच बंद होत असेल तर गळती लॉकमध्ये आहे. आधी ड्रायव्हरचं दार (मुख्य व्हॉल्व्ह तिथे आहे), मग टाकीचं झाकण, मग बाकीची दारं आणि डिकी. नाही झालं तर इंजेक्शन पंपामागच्या डबीची तपकिरी नळी काढा आणि हातपंपाने डबीवर १५ इंच ओढा. इंजिन बंद पडायला हवं आणि काटा जागीच राहायला हवा. तपकिरी नळीत ऑइल दिसलं तर डबीचं डायफ्रॅम फाटलं आहे. ते इंजेक्शन पंपातलं ऑइल ओढून पुढे नेतं आणि लॉकची डायफ्रॅमंही खराब करतं. डबी त्याच आठवड्यात बदला.

प्लास्टिकच्या नळ्या सहसा टिकतात. तडकतात ते त्यांचे रबरी जोड. एकेक बदलत बसू नका, सगळे एकदम बदला.

ब्रेकचं पेडल लाकडासारखं घट्ट लागलं तर मात्र गाडी तिथेच उभी करा. बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. हे पुढच्या रविवारवर ढकलायचं काम नाही.

डिझेलची लाइन

मुंब्रा बायपासच्या चढावर गाडीचा दम जातो, दहा मिनिटं उभी केली की पुन्हा नीट चालते. हे ऐकलं की बरेच जण नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) आणि पंपाकडे बोट दाखवतात. आधी टाकीच्या तळाची जाळी बघा. टाकीतला गाळ जाळीला चिकटतो, ओढ वाढली की वाट बंद होते, गाडी थांबली की गाळ सुटतो. टाकीत हवा जाण्याची वाट बंद असेल तरीही असंच होतं. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज करत हवा आत ओढली गेली तर कारण सापडलं.

फिल्टर दोन आहेत: पारदर्शक प्लास्टिकचा छोटा, आणि त्यानंतर मोठा. दर १५,००० ते २०,००० किमीला दोन्ही बदला, गाडी कमी चालत असेल तर वर्षातून एकदा. छोट्यात काळा, बुळबुळीत चिकट थर दिसला तर डिझेलमध्ये पाणी आणि त्यात वाढलेले जंतू आहेत. टाकी उतरवून साफ केल्याशिवाय नवे फिल्टर टिकणार नाहीत. पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं.

मोठा फिल्टर नव्या डिझेलने भरूनच बसवा. मग इंजेक्शन पंपावरच्या डिझेलच्या हँडपंपाची मूठ सैल करून, फिल्टरकडून गरगर आवाज येईपर्यंत पंप मारा. हवा निघाली की तो आवाज येतो. जुन्या पांढऱ्या मुठीचा हँडपंप बहुतेक वेळा स्वतःच गळतो आणि हवा घेतो. नवा बसवणं स्वस्त पडतं.

नोझलांमधली परतीची नळी ही कापडी विणीची, आतून ३.२ मिमीची. ३०० डीला मीटरभर पुरते. पाच जागी छोटे तुकडे आणि शेवटच्या नोझलवर बूच. ही नळी घामेजली की सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, कारण रात्री लाइनमध्ये हवा शिरते. बाजारातली साधी काळी नळी लावू नका, काही महिन्यांत सैल होते.

एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम सल्फरचं डिझेल मिळतं. जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली सील या डिझेलमध्ये आकसतात, म्हणून वर्षानुवर्षं कोरडा असलेला पंप अचानक गळू लागतो. पंप खराब झालेला नसतो. डिलिव्हरी व्हॉल्व्हची सील बदलायची असतात. हे मात्र घरी करू नका. कळंबोली, तुर्भे भागात ट्रकचे पंप उघडणारे आहेत, टॉर्क पाना वापरणारा बघून त्याच्याकडे जा. नोझलही तिथेच तपासून घ्या. ३०० डीचं नोझल ११५ ते १२५ बारला उघडायला हवं आणि फवारा धुक्यासारखा हवा, धार नको.

टॅपेट

दर २४,००० किमीला, किंवा सकाळी गाडी एका सिलिंडरने अडखळत सुरू होऊ लागली की. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. गॅप इनटेकला ०.१० मिमी, एक्झॉस्टला ०.३० मिमी. (३०० डी टर्बो असेल तर एक्झॉस्ट ०.३५.)

चौदाचे दोन पातळ पाने, फिलर गेज, नवं व्हॉल्व्ह कव्हर गास्केट आणि क्रँकसाठी २७ चा सॉकेट एवढं काढून ठेवा. कव्हर काढा. कुठला व्हॉल्व्ह इनटेकचा आणि कुठला एक्झॉस्टचा, हे मॅनिफोल्डची कुठली नळी त्याच्यासमोर येते त्यावरून ठरवा आणि खडूने खुणा करा. इथे गल्लत झाली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. २७ च्या सॉकेटने इंजिन पुढून बघताना घड्याळाच्या दिशेनेच फिरवा, उलटं कधीच नाही. ज्या कॅमचं टोक सरळ वर आहे तो व्हॉल्व्ह मोजायचा. गेज कॅमचा गोल भाग आणि रॉकर यांच्यामध्ये जातं आणि किंचित अडत सरकायला हवं. लॉक नट सैल करून गॅप बदला, नट आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा मोजा. आवळताना गॅप हमखास बदलतो. ३०० डीला असे दहा व्हॉल्व्ह, पहिल्यांदा करणाऱ्याने अर्धा दिवस धरावा.

कव्हर उघडलंच आहे तर टायमिंग चेनही बघून घ्या. कॅमची खूण जुळवून क्रँक पुलीवरचे अंश वाचा. दोन-तीन अंश ताण या वयात साहजिक आहे. चार-पाच अंशांपर्यंत ऑफसेट चावीने (कॅमच्या चाकातल्या, कड सरकवलेल्या छोट्या खिट्टीने) जुळवता येतं, त्यापुढे मात्र चेन बदलायची तयारी ठेवा.

हीटर प्लग

ठाण्यात पहाटे थंडी अशी पडतच नाही, त्यामुळे सुरू होण्याआधी सिलिंडर तापवणारे हीटर प्लग पाचपैकी दोन मेलेले असले तरी गाडी सुरू होते आणि दोष लपून राहतो. सुरू होताना पांढरा धूर, थरथर आणि मिनिटभराने सगळं ठीक, हे त्याचं लक्षण. १९८० च्या सुमारास पेन्सिल प्रकारचे प्लग आले. ते समांतर जोडलेले असल्यामुळे एक गेला तरी बाकीचे चालतात. त्याआधीच्या गाड्यांत वळी असलेले प्लग एकामागे एक जोडलेले, एक गेला की सगळे बंद. पेन्सिल प्लगची वायर काढून मल्टीमीटरने मोजा. १ ओहमच्या आत हवं, अनंत दाखवलं तर प्लग गेला. काढायचे ते इंजिन कोमट असताना, आणि बदलायचे ते सगळे एकत्र. बसवताना २० न्यूटन मीटरपेक्षा जास्त जोर नको. आधी भोकातला कार्बन रीमरने काढा. नाहीतर नवा प्लग नीट बसत नाही आणि लवकर जळतो.

बाकीचं

इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४०, डिझेलचं, फिल्टरसकट सुमारे साडेसहा लिटर, दर ५,००० किमीला. आधी फिल्टरचं झाकण वर उचलून पाच मिनिटं थांबा, मग खालचं नट काढा. दुसऱ्या दिवशी ऑइल काळं दिसलं तर घाबरू नका, या इंजिनात तसंच होतं. ब्रेक ऑइल डॉट ४, इथल्या दमट हवेत दर वर्षी. गिअर टाकताना मागून धप्प आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टच्या रबरी डिस्क बघा. आयडलला आरसा थरथरत असेल तर इंजिनाचे माउंट.

एसीसाठी मूळचा आर१२ गॅस आता मिळत नाही. आर१३४ए भरायचा असेल तर ड्रायर, ओ-रिंग, ऑइल आणि होज बदलूनच. नुसता गॅस भरलेला एसी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही.

पाणी साचलेल्या रस्त्यावर चाकाच्या हबपर्यंत पाणी गेलं असेल तर आठवड्याच्या आत डिफरन्शियलचं ऑइल बघा. दुधाळ असेल तर लगेच बदला, लिटरभरच लागतं. आणि इंजिनात पाणी शिरल्याची शंका असेल तर सेल्फ मारू नका. हीटर प्लग काढून हाताने इंजिन फिरवा. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

सुट्या भागांची खरेदी नेहमी पार्ट नंबरवरून करा, ‘मर्सिडीज जुनी’ एवढ्यावरून नाही. बॉडी आणि चासीचे नंबर साधारण १२३ ने सुरू होतात, इंजिनाचे ६१६ किंवा ६१७ ने. फिल्टर मान, नोझल बॉश, हीटर प्लग बेरू, सस्पेन्शन लेमफर्डर ही नावं धरून चला. ट्रिम, दिव्यांच्या काचा, हँडल यांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चक्कर मारा. पण रबर जुनं कधीच घेऊ नका. साधे बुश वागळे इस्टेट किंवा टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) रबरवाल्यांकडून नमुना देऊन बनवून घेता येतात. ब्रेकचे होज आणि मागच्या काचेचं रबर मात्र मूळ दर्जाचंच हवं.

कागद

खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म २५, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, पर्यावरण कर. ठाण्याच्या गाड्या एमएच-०४, नवी मुंबईच्या एमएच-४३. डब्ल्यू १२३ भारतात बनली नाही, म्हणून आरसीवर ती आयात गाडी म्हणून नोंदलेली असेल तर नूतनीकरणाचं शुल्क देशी गाडीच्या कितीतरी पट असतं. सौदा ठरवण्याआधी ते विचारून घ्या. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. पहिल्याच आठवड्यात करा, कारण तपासणीत काही निघालं तर दुरुस्तीला वेळ हवा. पीयूसीला जाताना १५-२० किमी गाडी चालवून इंजिन पूर्ण गरम करून न्या आणि एअर फिल्टर नवा असू द्या. थंड इंजिनावर धुराची चाचणी दिली तर चांगली गाडीही नापास होते.

२०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ स्थितीतली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. १९७६ च्या पहिल्या डब्ल्यू १२३ गाड्या आता त्या वयाला पोचल्या आहेत. पण व्हिंटेज नोंदणी असलेली गाडी प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामाला नाही. गाडी नेहमी चालवायची असेल तर ती नोंदणी घेऊ नका, साध्या नोंदणीचं नूतनीकरणच चालू ठेवा.